सुपातला प्याला

निपाणीत आले तेव्हा पिशवीत
डोळ्यांचे थेंब, खोकल्याचं औषध, भेगांचं मलम,
आणि तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली
अकरा लहान शुभवर्तमानं.
औषधं आठवड्यात संपायची.
पुस्तकं तीन वर्षं तिथंच.

जैतूनबी मकानदारच्या सोप्यात सात बायका
मांडीवर सूप घेऊन बसायच्या.
पान कापायचं, चिमूट पसरायची, वळायचं,
तोंड मुडपायचं, धागा.
हजार झाल्या की दिवस संपला.
दिवस आधी संपला तरी हजार व्हायच्याच.
मी त्यांच्या बोटांना मलम लावायचे
आणि मनात म्हणायचे, आता सांगावं.
तेवढ्यात कुणीतरी चहा आणायचं.

एकदा तिनंच विचारलं, मान वर न करता,
"पिशवीच्या बुडाला काय दडवलंय, सालोमीबाई?"
"इसाची गोष्ट." माझे कान तापले.
"मग ती आमच्याकडं बी हाय की."
आणि जर्दा पसरता पसरता तिनं सांगितली
मरियमची: एकटी, कळा सुरू झालेली,
खजुराच्या बुंध्याला टेकलेली,
आणि आवाज आला, हलीव झाड, खा, डोळे निवव.
"सुईण नाही, कुणी नाही," हाजरा म्हणाली,
"झाडानं बाळंत केलं बाईला."
मी नर्सिंग शिकलेली, बायबल दोनदा वाचलेली.
हा खजूर मला ठाऊक नव्हता.

आमची प्रार्थनेची खोली पत्र्याची, मागच्या गल्लीत,
पंखा नाही, पंख्याचा हूक तेवढा.
"तुमचा देव बी भाडेकरूच म्हणा," ती हसायची.

त्या रविवारी मोटारसायकली आल्या.
ओळखीची पोरं. एकाला गोवराची लस
मीच टोचली होती.
पाळकांचा चष्मा पायाखाली गेला.
यल्लव्वाला केसाला धरून विचारलं,
किती पैसे घेतलेस?
ती म्हणाली, पन्नास. दर महिन्याला.
घेत नाही, देते.
मग तिला जास्तच मारलं.

प्रभुभोजनाचा प्याला पदराखाली धरून
मी पळाले, आणि पाय आपोआप
मकानदारांच्या दारात.
जैतूनबी काही बोलली नाही.
प्याला घेतला, सुपातल्या तंबाखूत खुपसला,
वर पानं सारली, आणि पुढची विडी वळायला घेतली.
पोरं डोकावली.
"विड्या हायत. पायजेत?"

ठाण्यात कागद कन्नडमध्ये.
हवालदार विचारत होता, परमिशन इदेयेनु?
मला सहीची जागा तेवढी कळली.
जैतूनबीची नात निलोफर, सातवीतली,
पुढं झाली, ओळीवर बोट ठेवून वाचू लागली
आणि थांबली.
"मौशी, यात लिहिलंय की दंगा तुम्हीच केला."
मी पेन खाली ठेवलं.
दुसरा अर्ज तिनंच लिहिला, शाळेच्या वहीचं पान फाडून.
साक्षीदार म्हणून आजीचा अंगठा.
तंबाखूनं आधीच इतका काळा
की शाई लागलीय की नाही
हवालदारानं दोनदा बघितलं.

त्या आठवड्यात ठेकेदारानं तिच्या
दोनशे विड्या छाट म्हणून काढल्या.
गल्लीतल्या दोघा वडीलधाऱ्यांनी मुलाला बोलावून घेतलं.
हे मला हाजरानं सांगितलं, ती नाही.

आता आम्ही यल्लव्वाच्या घरी जमतो, दार लावून,
गाणं हळू.
प्याला मी चिंचेनं घासला, राखेनं घासला.
पहिला घोट घेताच पाळकांना ठसका लागला.
द्राक्षाच्या रसाला जर्द्याचा वास.
या महिन्यात मी तो नुसता विसळून ठेवला.

काल पिशवी आवरताना पुस्तकं मोजली.
दहा.
कुणी नेलं, वाचायला की चूल पेटवायला,
विचारलं नाही.
थेंब संपलेत. चिकोडीची सकाळची बस
सव्वासहाला आहे.